कोणतं तेल आणि किती: घरच्या तेल-तुपाची निवड पायरीपायरीने

महिन्याच्या किराणा यादीत तेलापुढे काय लिहायचं, हा हल्ली घराघरांत वादाचा विषय झाला आहे. आजी म्हणतात शेंगदाण्याचंच आणा. मुलगा मोबाइलवर काहीतरी पाहून सांगतो की रिफाइंड म्हणजे विष. शेजारच्या काकूंनी बाकी सगळं सोडून खोबरेल धरलंय, आणि बाबांचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणालेत, "तेल कमी करा." कमी म्हणजे किती आणि कुठलं, हे विचारायला तिथे वेळ नसतो.

माझं मत आधीच सांगते. तेलाच्या बाबतीत पहिला प्रश्न "किती" हा आहे, दुसरा "कशासाठी", आणि "कुठलं" हा तिसरा. आपण नेमके उलटे जातो. महागातलं तेल आणलं की आरोग्याचं काम झालं असं वाटतं आणि पळी पूर्वीसारखीच भरून पडत राहते. शेंगदाणा असो, ऑलिव्ह असो की साजूक तूप, कोणत्याही स्निग्धाच्या एका ग्रॅममधून साधारण 9 कॅलरीच मिळतात. त्यात कुठलंच तेल हलकं नाही.

पायरी पहिली: घरात किती तेल जातं ते मोजा

एक महिना काही बदलू नका, फक्त मोजा. नवी पिशवी किंवा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा, संपला की पुन्हा लिहा. तूप, लोणी, बटर यांचीही तशीच नोंद ठेवा. महिन्याची बेरीज घरातल्या जेवणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम भरतं, हे गणितात लक्षात ठेवा.

आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला सुमारे 25 ग्रॅम पुरतं, स्त्रीला 20 ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्यांना जास्त लागतं. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या पुरुषाला 40 ग्रॅमपर्यंत. वाढीच्या वयातल्या मुलांना आणि गरोदर बाईलाही बैठ्या मोठ्या माणसापेक्षा अधिक हवं. संस्थेने 2024 मध्ये 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाचं जे प्रमाण दिलं, त्यात तेल-तूप 27 ग्रॅम आहे आणि दाणे-तेलबिया वेगळ्या 35 ग्रॅम.

चार मोठी माणसं, दोन पुरुष आणि दोन बायका, सगळी बैठ्या कामाची, असं घर धरा. दिवसाला 90 ग्रॅम, महिन्याला 2 किलो 700 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 3 लिटर. त्यात तूपही आलं. महिन्याला अर्धा किलो तूप लागत असेल तर तेलासाठी उरतात अडीच लिटरच्याही आतले. ज्या घरात पाच-सहा लिटर लागतात, तिथे ब्रँड बदलून फारसं काही हाती लागणार नाही.

पळीचंही एकदा माप काढा. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं छोटं झाकण येतं, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात. ते धुऊन त्याने पळीत पाणी भरून बघा. अनेक घरांतल्या फोडणीच्या पळीत 25-30 मिली सहज मावतं. "एकच पळी घातली" म्हणजे पाच-सहा छोटे चमचे झाले, म्हणजे साधारण एका बैठ्या माणसाचा अख्ख्या दिवसाचा वाटा. पोळ्यांकडेही बघा. घडीच्या पोळीला आत अर्धा चमचा तेल लावलं तर बारा पोळ्यांना सहा चमचे, म्हणजे 27 ग्रॅम. हे तेल कुणाच्या हिशेबात नसतं, कारण ते वाटीतून बोटाने जातं.

यात आपल्या स्वयंपाकाची एक खास गोष्ट आहे. मराठी जेवणात तेलाबरोबर दाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि तीळ सढळ हाताने पडतात. दाण्यात आणि तिळात साधारण निम्मं तेलच असतं, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर. कूट घालू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यात प्रथिनं आहेत, चव आहे. पण ज्या भाजीत कूट किंवा खोबऱ्याचं वाटण पडतं, तिची फोडणी निम्म्या तेलात करा. साबुदाण्याच्या खिचडीत कूटही भरपूर आणि तूपही भरपूर असं दोन्ही नको. उपासाच्या दिवशी पोट जड होतं त्याचं एक कारण हेच आहे.

पायरी दुसरी: तेलाच्या आत काय असतं

प्रत्येक तेल तीन प्रकारच्या मेदाम्लांचं मिश्रण असतं. संपृक्त म्हणजे सॅच्युरेटेड, एकअसंपृक्त म्हणजे मुफा, आणि बहुअसंपृक्त म्हणजे पुफा. पाकिटावर मुफा आणि पुफा हीच नावं सापडतील. संपृक्त जास्त असलं की तेल-तूप थंडीत थिजतं. खोबरेल आणि तूप थिजतात, करडईचं तेल थिजत नाही.

रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, संपृक्त मेदाने वाढतं, आणि त्याच्या जागी असंपृक्त तेल आलं की कमी होतं. आहारशास्त्रात इतक्या वेळा तपासून पक्क्या झालेल्या गोष्टी थोड्याच आहेत, त्यातली ही एक. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी 10 टक्क्यांहून कमी संपृक्त मेदातून याव्यात. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी ही मर्यादा 22 ग्रॅमच्या आसपास येते. ताटात ती अशी वाटली जाते: म्हशीच्या सायीसकट दुधाच्या 200 मिली पेल्यात 8-9 ग्रॅम, छोटा चमचाभर साजूक तुपात 3 ग्रॅम, मोठा चमचाभर खोबरेलात 11-12 ग्रॅम. दोन पेले दूध, चमचाभर तूप, आणि मर्यादा संपत आली.

पुफाचे पुन्हा दोन गट पडतात, ओमेगा-6 आणि ओमेगा-3. दोन्ही शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावे लागतात. आपल्या बहुतेक तेलांत ओमेगा-6 भरपूर आणि ओमेगा-3 नगण्य असतं. त्यावरचा उपाय पुढे येईल, आणि तो स्वस्त आहे.

पायरी तिसरी: आपली तेलं ओळखा

पुढचे आकडे शंभर ग्रॅम तेलामागचे, ढोबळ आहेत. बियाणं आणि वाणाप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होतात.

शेंगदाणा तेलात संपृक्त 18 ते 20, मुफा 45 ते 50, पुफा 30 च्या आसपास. समतोल, तापवायला टिकाऊ, आणि आपल्या भाज्यांच्या चवीत बसलेलं. मुख्य तेल म्हणून मी पहिलं नाव याचंच घेईन. उणीव एकच, ओमेगा-3 जवळजवळ नाही.

करडई हे मराठवाडा आणि सोलापूरकडच्या कोरडवाहू जमिनीचं तेल. संपृक्त 10 हून कमी, आणि ओमेगा-6 सुमारे 75. एलडीएल कमी करायला चांगलं, पण घरातलं एकमेव तेल म्हणून एकाच बाजूला झुकलेलं. शिवाय पुफा जास्त असल्यामुळे सारखं तळण करायला योग्य नाही. करडईचं घाण्याचं तेल कच्चं घालून ठेचा किंवा चटणी खाणाऱ्यांना त्याची गोडी सांगायला नको. हे पीक काट्यांमुळे काढायला त्रासाचं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी संकरित वाण काढून तो त्रास कमी केला. आपल्या मातीतलं हे तेल बाजारात मागे पडलंय याची मला मनापासून खंत वाटते. मिळालं तर दुसरं तेल म्हणून जरूर घ्या.

सूर्यफुलाचं करडईसारखंच, जरा सौम्य: संपृक्त 11, ओमेगा-6 साठीच्या वर. सोयाबीन विदर्भ-मराठवाड्यात आज सगळ्यात जास्त खपतं. संपृक्त 15, पुफा 60, आणि त्यातलं 7 च्या आसपास ओमेगा-3. स्वस्त म्हणून याला नाकं मुरडली जातात, पण पोषणाच्या दृष्टीने ते मुळीच टाकाऊ नाही.

तिळाचं तेल संपृक्त 15, मुफा 40, पुफा 42. त्यात नैसर्गिक प्रतिऑक्सिडंट असतात म्हणून लवकर खवट होत नाही. राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल, साधारण शेंगदाण्याच्या जवळ जातं. त्यातलं ओरिझॅनॉल हे नैसर्गिक द्रव्य कोलेस्टेरॉल कमी करायला हातभार लावतं. वास नसतो आणि तापवायला चांगलं. मोहरीचं तेल आपल्याकडे फारसं चालत नाही, पण त्यात संपृक्त कमी आणि ओमेगा-3 दहाच्या आसपास असतं. ज्यांना तो तिखट दर्प आवडतो त्यांनी दुसरं तेल म्हणून ठेवावं.

सरकी आणि पामोलीन आपण क्वचित विकत आणतो, पण खातो रोज: फरसाण, वेफर्स, हॉटेलची भजी यांतून. सरकीत संपृक्त 26 च्या आसपास, पामोलीनमध्ये 40 च्या वर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा आहे. ते स्वस्त आहे आणि तळणात टिकतं, म्हणून पाकीटबंद खाऊत तेच असतं.

खोबरेलाबद्दल जरा थांबून लिहायला हवं. त्यात संपृक्त 90 च्या आसपास आहे. अलीकडे त्याला औषधासारखं मिरवलं जातं, ते बरोबर नाही. बियांच्या तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं. पण म्हणून मालवणी किंवा गोव्याच्या स्वयंपाकातून नारळ काढून टाका असंही नाही. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात तंतू असतात, पाणी असतं, ते आणि निव्वळ तेल एक नव्हे. माशाच्या कालवणात वाटण आहे तर फोडणीला खोबरेल नको, दुसरं तेल घ्या.

आणि साजूक तूप. संपृक्त 60 ते 65. वरणभातावर, पुरणपोळीवर, बाळाच्या मऊ भातात त्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. निरोगी माणसाने दिवसाला एक-दोन छोटे चमचे तूप खाल्लं तर चिंतेचं कारण नाही, बाकीचं तेल मापात असलं म्हणजे झालं. "तुपाने कोलेस्टेरॉल वाढतच नाही" हा हल्लीचा दावा मात्र मानू नका. तळणं तुपातच आणि भाजीही तुपातच, असं रोज चालत नाही.

पायरी चौथी: दोन तेलं ठरवा

एकाच तेलात सगळे गुण नसतात, म्हणून दोन तेलं ठेवायची. एक मुख्य, फोडणी आणि अधूनमधूनच्या तळणासाठी. त्यात मुफा जास्त हवं. दुसरं मुख्य तेलाची उणीव भरून काढणारं. पोषण संस्थेचा सल्लाही असाच जोड्या लावण्याचा आहे.

जोड्या सोप्या आहेत. शेंगदाणा किंवा राइस ब्रान मुख्य, सोबत सोयाबीन किंवा मोहरी. तिळाचं मुख्य असेल तरी सोबत हीच. करडई किंवा सूर्यफूल वापरणाऱ्यांनी निम्मं शेंगदाणा करावं. दोन्ही तेलं एका भांड्यात मिसळायची गरज नाही. सकाळची भाजी एकात, संध्याकाळची आमटी दुसऱ्यात, किंवा महिन्याआड पिशवी बदलली तरी चालतं. बजेट घट्ट असेल तर निम्मं शेंगदाणा आणि निम्मं सोयाबीन ही जोडी पौष्टिक आहे आणि खिशाला परवडते.

परदेशात राहणाऱ्यांना शेंगदाणा तेल महाग पडतं. तिथे कॅनोला मुख्य तेल म्हणून चांगलं. संपृक्त 7 च्या आसपास आणि ओमेगा-3 नऊच्या. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हमध्ये मध्यम आचेवर भाजी परतायला हरकत नाही, फक्त त्याची चव आपल्या कांदा-लसूण मसाल्याशी जुळते का ते करून बघा. अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं छापलेलं असतं, कारण त्यातल्या इरुसिक आम्लामुळे तिथे ते खाद्यतेल म्हणून विकता येत नाही.

पायरी पाचवी: घाण्याचं की रिफाइंड

गावोगावी, शहरांतल्या गल्ल्यांतही लाकडी घाणे पुन्हा सुरू झालेत. घाण्यात बी हळूहळू रगडलं जातं, तेल हाताला कोमट लागतं इतकंच तापतं. बियाण्याचा वास, रंग आणि ई जीवनसत्त्व त्यात टिकून राहतं. रिफाइंड तेलात आधी बी दाबून किंवा हेक्सेनसारख्या द्रावकाने तेल काढतात, मग डिंकासारखा भाग, आम्लता, रंग आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफेने वास काढतात. त्यात काही ई जीवनसत्त्व जातं. पण त्याच प्रक्रियेत नको असलेलं बरंच काही निघूनही जातं. मेदाम्लांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. रिफाइंड म्हणजे विष, हे खरं नाही.

घाण्याच्या तेलाचा खरा प्रश्न बियाण्याचा आहे. ओलसर साठवलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं. रिफाइंड करताना ते बहुतांश निघून जातं, घाण्यात ते तेलात उतरतं. म्हणून घाणेवाल्याला न संकोचता म्हणा, "दाणे दाखवा." मूठभर हातात घ्या. सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी पूड धरलेले किंवा कडवट लागणारे दाणे असतील तर तिथून तेल घेऊ नका. चांगला घाणेवाला फुटके-कुजके दाणे निवडून काढतो आणि ते काम डोळ्यांसमोर चालू असतं.

किमतीनेही पारख होते. घाण्यावर साधारण चाळीस टक्के तेल निघतं, म्हणजे एका लिटरला दोन-सव्वादोन किलो शेंगदाणे लागतात. बाजारात दाण्याचा किलोचा भाव विचारा आणि त्याला सव्वादोनने गुणा. पेंड विकून घाणेवाल्याचे काही पैसे सुटतात, पण मजुरी आणि वीजही लागते. त्या गुणाकारापेक्षा तेल बरंच स्वस्त मिळत असेल तर त्यात दुसरं तेल आहे असं समजा.

"फिल्टर" किंवा "डबल फिल्टर" म्हणून मिळणारं शेंगदाणा तेल या दोन्हींच्या मधलं: यंत्रावर दाबून काढलेलं, गाळलेलं, पण रिफाइंड न केलेलं. वास हवा असणाऱ्यांना ते चांगलं, नियम घाण्याच्या तेलाचेच.

पायरी सहावी: पाकीट वाचा

आधी पुढची मोठी अक्षरं सोडून द्या. "कोलेस्टेरॉल फ्री" याला काही अर्थ नाही. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, वनस्पती तेलात ते नसतंच. "हार्ट", "लाइट", "ॲक्टिव्ह" ही विक्रीची भाषा.

पिशवी उलटी करा. मागे 100 ग्रॅममागचा तक्ता असतो: सॅच्युरेटेड, मुफा, पुफा, ट्रान्स. वरचे आकडे डोक्यात ठेवून ताडून बघा. सूर्यफुलाच्या म्हणून विकलेल्या पिशवीवर सॅच्युरेटेड 25 लिहिलं असेल तर काहीतरी चुकतंय. नाव नीट वाचा: दोन तेलं मिसळलेली असतील तर "मल्टी-सोर्स एडिबल ऑइल" (पूर्वी "ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल") असं छापावं लागतं आणि कुठलं तेल किती टक्के तेही द्यावं लागतं. मोठ्या अक्षरांत ऑलिव्ह आणि आत वीस टक्के, असं पुष्कळदा दिसतं. वजन ग्रॅममध्ये बघा, कारण सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांत 910 आणि 850 ग्रॅम असू शकतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि तयार केल्याची तारीख बघा. निळा "प्लस एफ" शिक्का असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं घातलेली आहेत. घरात उन्हात न जाणारी माणसं असतील तर तेवढाच आधार.

टाकीतून किंवा उघड्या डब्यातून सुटं तेल घेऊ नका. भेसळ डोळ्यांना दिसत नाही. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, आणि अंगावर सूज येण्याच्या विकाराने अनेक माणसं दगावली. तो पिवळा धोतरा आपल्याकडेही रस्त्याकडेला उगवतो. घाण्यावरून तेल घेताना डोळ्यांसमोर काढलेलं, स्वच्छ बाटलीत भरून घ्या.

पायरी सातवी: ट्रान्स फॅट बाहेर ठेवा

वनस्पती तूप म्हणजे तेलात हायड्रोजन घालून थिजवलेला पदार्थ. त्यातलं ट्रान्स फॅट दुहेरी नुकसान करतं: वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं. भारतात तेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटवर आधी 10 टक्के, मग 5, जानेवारी 2021 पासून 3 आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के अशी मर्यादा आली. हे मोठं काम झालं. तरी सुटी खारी, नानकटाई, पफ, क्रीम रोल यांत काय वापरलंय हे कोण सांगणार? पाकीटबंद खाऊवर "हायड्रोजनेटेड" किंवा "शॉर्टनिंग" दिसलं तर ठेवून द्या. दिवाळीच्या करंज्या-शंकरपाळ्यांना वनस्पतीऐवजी तुपाचं नाहीतर तेलाचं मोहन घाला. खुसखुशीतपणात थोडा फरक पडेल, पडू दे.

पायरी आठवी: कढईपाशी

फोडणीत मोहरी तडतडली की तेल पुरेसं तापलं. धूर यायची वाट बघू नका. धूर दिसला तर तेल जळायला लागलंय, कढई खाली उतरवा. घाण्याची तेलं लवकर धुरावतात, रिफाइंड उशिरा. म्हणून मोठ्या आचेवरच्या तळणाला रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान, आणि फोडणी-चटणीला घाण्याचं, अशी विभागणी मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

कमी तेलात भाजी करायची जुनी युक्ती आपल्याकडे आहेच: कढईवर ताट आणि ताटात पाणी. एक चमचा तेलात फोडणी, भाजी घालून ताट झाका, वरच्या पाण्यामुळे वाफ आतल्या आत निथळते आणि भाजी लागत नाही. भेंडी सोडून गवार, दोडका अशा बहुतेक भाज्या या पद्धतीने होतात. वांगं तेल पिऊन घेतं. ते मिठाच्या पाण्यात ठेवून, पिळून, मग असंच वाफवा. भरल्या वांग्यावर तवंग हवाच असेल तर शेवटी अर्धा चमचा तेल वरून सोडा, तेवढ्याने दिसतो. मिसळीच्या तर्रीचंही तेच: कट घरी करताना लाल तिखट थोड्या गरम तेलात भिजवून वरून घाला, रंग येतो आणि तेल निम्म्यावर येतं.

तळण 170 ते 180 अंशांवर व्हावं. पिठाची लहानशी गोळी टाका. ती तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे आणि वडे तेल पितील. लगेच काळपट झाली तर जास्त तापलंय. बुडबुडे सोडत सावकाश वर आली की बरोबर. एका वेळी कढई भरून टाकू नका, तेल थंड होतं. झाऱ्याने काढून जाळीवर ठेवा, कागदावर ढीग घातला की वाफेने पदार्थ मऊ पडतात.

तळून उरलेलं तेल गाळून, झाकून, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यातच नवं तेल ओतून पुन्हा तळण करू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं साठतात. दुकानं-हॉटेलांसाठी 1 जुलै 2018 पासून अशा ध्रुवीय संयुगांवर 25 टक्क्यांची मर्यादा आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळं, चिकट झालं, फेसाळू लागलं किंवा पूर्वीपेक्षा लवकर धुरावलं की ते गेलं. बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात द्या. रस्त्यावरची भजी घेताना गाडीवरच्या कढईत एकदा डोकवा. काळं, जाड तेल दिसलं तर पुढे चला.

पायरी नववी: ओमेगा-3 ची चटणी

जवसात इतकं ओमेगा-3 असतं की दोन छोटे चमचे जवसाच्या पुडीत, म्हणजे 5 ग्रॅममध्ये, एका ग्रॅमहून थोडं जास्त मिळतं. 2000 कॅलरींच्या आहाराला दिवसाला इतकीच किमान गरज असते. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते, बाकी महाराष्ट्राने ती उचलावी. जवस मंद आचेवर फुटेपर्यंत भाजा, गार करा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. अख्खे जवस पचत नाहीत, पूडच हवी. आठवड्याला पुरेल इतकीच करा, कारण ते तेल फार लवकर खवट होतं. जवसाचं तेल आणलं तर फ्रीजमध्ये ठेवा आणि तापवू नका. भाकरीबरोबर कच्चं खा.

मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली ही दोन नावं पुरेत. जवसातलं ओमेगा-3 शरीराला रूपांतर करून घ्यावं लागतं आणि ते थोडंच होतं. या माशांत ते तयार रूपात मिळतं. आठवड्यातून दोनदा, कालवण करून. रव्यात घोळवून तेलात बुडवलेले नकोत.

साठवण

तेलाचे शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. गॅसच्या शेजारची पारदर्शक बाटली दिसायला छान, पण जागा चुकीची. मोठा डबा अंधाऱ्या कपाटात, आणि ओट्यावर आठवड्यापुरती छोटी स्टीलची बरणी. बरणी रिकामी झाली की धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा. जुन्या तेलाचा थर नव्याला लवकर खवट करतो. घाण्याचं तेल दोन-तीन महिन्यांत संपेल इतकंच आणा. वास घेऊन बघा, जुन्या रंगासारखा किंवा कुबट वास आला की फेकून द्या, दिव्याला वापरलं तरी चालेल.

कुणी वेगळा विचार करायचा

दोन वर्षांखालच्या बाळाचं तेल-तूप कमी करू नका. मेंदूच्या वाढीला ते लागतं. म्हातारी माणसं मोजकं जेवत असतील आणि वजन उतरत असेल तर त्यांच्या भातावरचं तूप काढून घेऊ नका. ज्यांना हृदयविकार, मधुमेह, फॅटी लिव्हर किंवा पित्ताशयाचा त्रास आहे, त्यांनी या लेखातले आकडे घेऊन डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला भेटावं. जाताना पहिल्या पायरीतला महिन्याचा हिशेब बरोबर न्या. "घरात किती तेल लागतं" याचं नेमकं उत्तर तयार असलं तर सल्लाही नेमका मिळतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर तेल बदललं म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बदल केल्यावर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा आणि जुना रिपोर्ट शेजारी ठेवून एलडीएलचा आकडा बघा.